लांबच्या नात्यातला

१

शनिवारी सकाळी आठ वाजता मी पाणसळ घेऊन घरातून निघायचो. गवंडी वापरतात तीच, पिवळी, मध्ये बुडबुडा असलेली. आयर्लंडमधल्या नावन गावाच्या बाहेर, केल्सच्या रस्त्याला, डोनल नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याची जमीन आहे. तिच्या एका कोपऱ्यात माझी दोन मोबाइल होम्स उभी आहेत. नावात मोबाइल असलं तरी ती कुठं जात नाहीत. चाकांवर आणून ठेवायची, खाली सिमेंटचे ब्लॉक रचायचे, वीज-पाणी जोडायचं, दाराशी गॅसची सिलिंडरं ठेवायची आणि वर्षाच्या करारानं भाड्यानं द्यायची. तिथली जमीन मऊ. हिवाळ्यात ब्लॉक खाली बसतात, घर कलतं, दारं लागेनाशी होतात. म्हणून दर शनिवारी मी घरातल्या जमिनीवर पाणसळ ठेवून बघायचो आणि लागेल तिथं जॅक लावून लाकडाची पट्टी सारायचो. एका मेडिकल डिव्हाइसच्या फॅक्टरीत माझं कामच मोजमापाची यंत्रं तपासायचं आहे. माझा जगात कशावर विश्वास असेल तर तो मोजलेल्या आकड्यावर.

ही दोन घरं म्हणजे आमचं होतं नव्हतं ते सगळं. आई गेल्यावर तिचा धायरीचा फ्लॅट विकला आणि सगळे पैसे यात घातले. माझी बायको कौमुदी म्हणत होती, बँकेत ठेव. मी तिला समजावलं, की या देशात घरांची मारामार आहे, चार-पाच वर्षं भाडं येऊ दे, आपल्या स्वतःच्या घराचं डिपॉझिट उभं राहील. आमची सात वर्षांची इरावती तेव्हापासून स्वतःच्या खोलीची वाट बघत होती. भिंतीचा रंगसुद्धा ठरवून झाला होता. आणि जानेवारीत, दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसा, आम्ही स्वतः भाड्यानं राहत होतो त्या घराच्या मालकाची नोटीस आली. घर विकायचंय, मार्चअखेर रिकामं करा. आम्ही शोधायला लागलो. एकेका घराच्या व्ह्यूइंगला साठ-साठ माणसं रांगेत उभी असायची, आणि त्यात आमचा नंबर बहुधा चाळिसावा.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी दुसऱ्या घरात बुडबुडा सरकलेला दिसला. एक कोपरा सहा मिलिमीटर खाली गेला होता. त्या घरात तीन खोल्या. दोन खोल्यांत राजस आणि इंद्रनील ही दोन मुलं राहायची, डब्लिनला मास्टर्स करून नोकरीला लागलेली. तिसरी, सगळ्यात लहान खोली मी अडगळीची केली होती. घर विकत घेताना आत जुना सोफा, पाच गाद्या आणि मोडकी कपाटं होती. ती फेकायचेही पैसे पडतात म्हणून मी सगळं त्या खोलीत छतापर्यंत कोंबलं होतं. कोपरा त्याच खोलीचा खचला होता.

मी जॅक लावला, पट्टी सारली, बुडबुडा मध्ये आला. पुढच्या शनिवारी कोपरा पुन्हा सहा मिलिमीटर खाली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेवढाच. अडगळ दोन वर्षांपासून तिथंच होती. तिचं वजन काही वाढलेलं नव्हतं.

२

तिसऱ्या शनिवारी मी गॅसचं सिलिंडर बदलत होतो तेव्हा राजस चहाचा कप घेऊन बाहेर आला. चांगला मुलगा, साताऱ्याचा, बोलायला भिडस्त.

"विक्रांतदादा, एक बोलायचं होतं. म्हणजे तक्रार अशी नाही."

"बोल ना."

"तुम्ही घर देताना म्हणाला होतात, की दोघंच राहणार. आता तिसरा माणूस ठेवलाय तर आमचं काही म्हणणं नाही. पण मग भाडं थोडं कमी करता येईल का?"

मला वाटलं दोघांपैकी कुणीतरी मित्राला आणून ठेवलंय आणि हा ते माझ्यावर ढकलतोय. "कोण तिसरा?"

"ते छोट्या खोलीतले. पहिले पंधरा दिवस मला वाटलं इंद्रनीलचे गेस्ट आहेत. त्याला वाटत होतं माझे आहेत. आम्ही दोघंही गप्प. आपल्याकडे कसं, कुणाच्या पाहुण्याला 'किती दिवस' असं विचारत नाही ना. काल सहज बोलणं झालं तेव्हा कळलं, की आमच्यापैकी कुणाचेच नाहीत. म्हणजे तुम्हीच पाठवलं असणार."

तो हसला. मी हातातला पाना खाली ठेवला.

"तुम्ही दोघांनी बघितलंय त्याला?"

"तोंडावर असं नाही. आम्ही शिफ्टला जातो तेव्हा त्यांचं दार बंद होताना दिसतं, कोपर दिसतं. सकाळी सहाला नळ सुरू होतो. भांड्यात चहा उरला असेल तर घेतात, पण कप धुऊन पालथा घालून ठेवतात हां. शांत आहेत एकदम, ग्रँड आहेत. फक्त ते भाड्याचं बघा."

काय सांगायला हवं होतं हे मला आजही नीट कळतं. सांगायला हवं होतं, की बाबांनो, त्या खोलीत उंदराला जागा नाही, मी कुणालाही ठेवलेलं नाही, सामान भरा आणि निघा. पण ती दोघं निघाली असती तर? नोटीस हातात, इराची शाळा नावनमध्ये, आणि नवं घर मिळालं तर त्याचं डिपॉझिट मी त्यांच्या भाड्यातूनच भरणार होतो. गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, बोलवावं तर त्यांनी आधी घराचा परवाना विचारला असता. परवान्याचा कागद डोनलकडे होता. तो मी कधी नीट वाचला नव्हता, आणि का वाचला नव्हता हे मला चांगलं ठाऊक होतं.

उचलली जीभ लावली टाळ्याला. "अरे हो," मी म्हणालो, "सांगायचंच राहिलं. माझा नातेवाईक आहे. आईच्या माहेरकडचा, लांबच्या नात्यातला. थोडेच दिवस. करा जरा अॅडजस्ट."

राजसचा चेहरा एकदम मोकळा झाला. "असं होय! मग भाड्याचं राहू दे दादा. तुमच्या घरचेच आहेत म्हटल्यावर काय."

घराच्या आत कुठंतरी एक पाऊल वाजलं. मोबाइल होमच्या जमिनीखाली पोकळ असतं, तिथं मांजर चाललं तरी बाहेर ऐकू येतं. इंद्रनील उठला असेल, असं मी मनात म्हटलं. मग आठवलं, मी आलो तेव्हा त्याची गाडी रस्त्याला लागताना दिसली होती.

३

दुसऱ्या दिवशी दोघंही कामावर होते तेव्हा मी परत गेलो. रविवार, सकाळचे अकरा, बाहेर चक्क ऊन पडलेलं. घरात शिरताना मला हसू येत होतं. आम्ही पुण्याची माणसं, भुताखेतांना हसत वाढलेली. मी स्वतःशी कारणं मांडत होतो. पाइपमधली हवा. मुलांचा विसराळूपणा. एकानं कप धुवायचा आणि दुसऱ्यानं तो पाहुण्याच्या नावावर टाकायचा.

ओट्यावर तीन कप पालथे घातले होते.

छोट्या खोलीचं दार मी ढकललं. आतल्या सोफ्यावर आदळून ते अडकलं. मला माहीतच होतं, ते तेवढंच उघडतं. फटीत टेप धरून मोजलं, सत्तर मिलिमीटर, म्हणजे चार बोटं. फटीतून मोबाइलचा उजेड आत टाकला. उभा केलेला सोफा, त्याच्यावर कपाटाच्या फळ्या, पलीकडे छताला टेकलेल्या गाद्या. गाद्यांच्या आणि भिंतीच्या मध्येही तेवढीच फट. सगळ्यावर दोन वर्षांची धूळ, आणि धुळीवर एक बोट उमटलेलं नाही. मी मोठ्यानं हुश्श केलं. आई म्हणायची, खऱ्याखोट्यात चार बोटांचं अंतर असतं, कानानं ऐकलेलं डोळ्यानं बघून घ्यावं. बघून झालं होतं.

आणि आत कुणीतरी खाकरलं.

घाबरवायला नव्हे. आपल्याकडे संडास-बाथरूमला कडी नसली, की आतला माणूस बाहेरच्याची चाहूल लागल्यावर खाकरतो ना, आत आहे बरं का, एवढंच सांगायला, तसं. समजूतदार, घरगुती खाकरणं.

"सॉरी," मी म्हणालो आणि दार ओढून घेतलं.

गाडीत येऊन बसेपर्यंत मला कळलंच नाही, की मी त्याची माफी मागितली होती.

४

पुढच्या शनिवारी मी जॅक लावत असताना डोनल त्याच्या कुत्र्याला घेऊन आला. आठवड्यातून एकदा येऊन कुंपणाला टेकून मला काम करताना बघणं हा त्याचा टीव्ही होता.

"पुन्हा खचलं?"

"पुन्हा. जमीन मऊ आहे तुझी."

"जमिनीला काय धाड भरलीय," तो म्हणाला, "तीन माणसं आहेत आत. आणि तुझा तो भाऊ त्याच कोपऱ्यात बसून असतो दिवसभर."

माझा हात जॅकच्या दांड्यावर थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"पोरांनी. चांगला माणूस आहे रे. मी ट्रॅक्टर घेऊन गेलो की खिडकीतून हात करतो. पण लाजरा. कधी समोरून म्हणून दिसत नाही. बघावं तेव्हा आडवा, कडेनं." डोनलनं दोन्ही तळहात एकमेकांना जवळ आणून दाखवले, पुस्तक मिटतात तसे. "तुमच्याकडची माणसं बारीकच असतात म्हणा."

मी वर त्या खिडकीकडे बघितलं. काचेला आतून गादी टेकलेली होती. गादीची निळी पट्टी बाहेरून स्पष्ट दिसत होती आणि काच आणि गादी यांच्यामध्ये कागद सरकवता आला नसता.

"डोनल, तो माझा भाऊ नाही," असं मी म्हणणार होतो. पण मग तो विचारणार, मग कोण आहे? माझ्याच शेतात, माझ्याच परवान्यावर तू कुणाला ठेवलंयस? त्याचं एक वाक्य आणि दोन्ही घरं रस्त्यावर. मी मान हलवली. "हो, लाजराच आहे तो," म्हणालो.

त्या दिवशी कोपरा उचलायला जॅकचे नऊ झटके जास्त लागले. मी दमलो असेन.

५

मार्चच्या मध्याला इंद्रनीलला नास नावाच्या गावात नोकरी लागली. तिथं त्याला दोन खोल्यांचं घरही मिळालं, कंपनीतल्या कुणाच्यातरी ओळखीनं, आणि राजस त्याच्याबरोबर निघाला. मला वाईट वाटायला हवं होतं, पण आधी बरंच वाटलं. निदान पोरं सुटली.

सामान गाडीत भरून झाल्यावर राजस किल्ली द्यायला आला. "काकांना सांगितलंय जातो म्हणून. दाराबाहेरूनच बोललो. आशीर्वाद दिला त्यांनी."

"बोलले?"

"हो, आता बोलतात ना थोडं. मराठी छान आहे त्यांचं, पण जरा जुन्या वळणाचं, आमचे पणजोबा बोलायचे म्हणतात तसं. तुमची चौकशी करत होते. विक्रांतची मुलगी केवढी झाली, तिला वेगळी खोली आहे का, वगैरे."

मी राजसचा दंड धरला. "राजस, ऐक. तो माझा कुणी नाही. मी तुला खोटं सांगितलं होतं. मला तो कोण आहे ते माहीत नाही."

राजसनं पटकन घराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "हळू दादा. भांडण झालं असेल तुमचं, पण असं बोलू नये. त्यांना ऐकू जाईल. तुमच्यावर फार जीव आहे त्यांचा. म्हणतात, विक्रांतनं मला आपला म्हटलं."

६

पुढचे बारा दिवस मी माणसात नव्हतो. लंच ब्रेकमध्ये घरांना फोन, संध्याकाळी व्ह्यूइंग. डब्लिनच्याही पलीकडे डून लेरी गावापर्यंत जाऊन आलो, तिथल्या एका खोलीचं भाडं ऐकून कौमुदीला रडू आलं. कौन्सिलच्या ऑफिसात एक बाई फार मायेनं बोलली. म्हणाली, अगदीच वेळ आली तर एका हॉटेलात खोली देता येईल, तिघांना एक, पन्नास किलोमीटरवर, किती महिने ते सांगता येत नाही. इराची शाळा, कौमुदीची पहाटेची शिफ्ट, सगळं त्या एका खोलीतून करायचं होतं.

"आपली दोन घरं आहेत विक्रांत," कौमुदी म्हणाली. "त्यातलं एक रिकामं आहे. आणि आपण हॉटेलात जायचं?"

पहिल्या घरात एक ब्राझिलियन जोडपं होतं, त्यांना महिन्याचं बाळ. त्यांना काढायचा विचारही माझ्या मनात येऊन गेला. एवढं मी सांगतोय तर हेही सांगतो.

"ते दुसरं घर दमट आहे," मी म्हणालो.

"मग पुसू."

"कोपरा खचतो."

"तू दर शनिवारी तेच तर नीट करतोस ना? आपलं म्हणून एक छप्पर आहे. आई असत्या तर त्यांनी मला विचारलं असतं, की माझा फ्लॅट विकून तुम्ही रस्त्यावर का राहताय?"

खरं सांगायचं तर सगळं सांगावं लागणार होतं. आणि सगळं सांगितलं असतं तर ती त्या घरात पाऊल ठेवणार नव्हती, म्हणजे हॉटेल. मी ठरवलं, खोली रिकामी करू. एक दिवस रजा टाकली, पहार घेऊन गेलो. सोफा तसूभर हलला नाही. खिडकीचे स्क्रू आतून गंजले होते. दोन तास झटलो आणि त्या वेळात आतून एकदाही आवाज आला नाही. कुणीतरी श्वास धरून माझं काम संपायची वाट बघतंय असं सारखं वाटत होतं. शेवटी मी दाराला बाहेरून कडी ठोकली, पितळी कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या जुडग्यात अडकवली. कुलूप घातल्यावर दाराला कपाळ टेकून मी रडलो. "आम्हाला राहू दे," म्हणालो. "बाकी काही नको, फक्त राहू दे."

७

मार्चच्या शेवटच्या रविवारी आम्ही सामान हलवलं. त्याच दिवशी, इथं उन्हाळ्यासाठी करतात तशी, घड्याळं तासभर पुढे गेली होती, त्यामुळे संध्याकाळी साडेसहालाही बाहेर लख्ख उजेड होता. कौमुदी कित्येक आठवड्यांनी गुणगुणत होती. तिनं देव एका खोक्यावर मांडले, कुकर लावला, वरणाला फोडणी दिली. इरा मोठ्या खोलीतून मधल्या खोलीत आणि मधल्या खोलीतून बाहेर अशी धावत होती आणि तिच्या पावलांनी सगळं घर वाजत होतं.

"इज धिस वन माइन, बाबा? फॉर रिअल?"

"हो, मधली खोली तुझी."

"इट्स टायनी," ती म्हणाली, पण आनंदानं. तिनं तिथं तिची बाहुली झोपवून ठेवली.

मी दिवसभर त्या कुलपावर डोळा ठेवून होतो. शेवटची खोकी आणायला गाडीपाशी गेलो, पाच मिनिटं लागली असतील. परत आलो तेव्हा कुलूप ओट्यावर होतं, बंदच, आणि त्याच्या शेजारी एक कप धुऊन पालथा घातलेला. कुलपाची किल्ली माझ्या खिशात होती.

कौमुदी माझ्याकडे बघत होती. चिडली की ती आवाज चढवत नाही, उलट उतरवते.

"त्या खोलीत कोण आहे?"

"का?"

"आत्ता मी दारावरून गेले तर कुणीतरी खाकरलं. मग म्हणालं, 'सूनबाई, चहा झाला माझा.' विक्रांत, कोण आहे तिथं?"

हीच ती वेळ होती. गाडीची किल्ली टेबलावर, इराचा कोट खुंटीवर. दोन मिनिटांत आम्ही तिघं रस्त्याला लागलो असतो. मग ते हॉटेल, आणि कौमुदीचा तो चेहरा, की माझ्या सासूच्या फ्लॅटचं तू हे केलंस. मी थकलो होतो. मला त्या रात्री फक्त एका छपराखाली माझ्या माणसांना झोपवायचं होतं.

"आईच्या माहेरकडचा आहे," मी म्हणालो. "लांबच्या नात्यातला. त्याला कुठं जागा नव्हती. तुला सांगणार होतो."

"कधी सांगणार होतास?" तिनं गॅस बारीक केला. तिला राग आला होता, पण तो माझ्या लपवाछपवीचा. घरात आलेल्या माणसाचा नव्हे, कारण तशी ती वाढलेलीच नाही. "परवा जातील का ते?"

"जातील."

"जेवलेत का?"

मी ओट्यावरचं कुलूप उचलून खिशात घातलं.

"म्हणजे उपाशी माणूस खोलीत बसवून आपण जेवायचं?" तिनं आणखी एक ताट काढून पुसलं. "इरा! जा गं, काकांना जेवायला बोलाव."

८

पाहुण्याला जेवायला बोलवायला घरातलं लहान मूलच पाठवतात. मलाही पाठवायचे. इरानं असं कधी केलं नव्हतं, आमच्याकडे इथं येतं कोण? त्यामुळे तिला गंमत वाटली. ती उडी मारूनच निघाली.

थांब, एवढाच शब्द पुरला असता. तो माझ्या तोंडात होता. पण तो म्हटला असता तर पुढचं सगळं म्हणावं लागलं असतं. मी मुद्दाम गप्प बसलो नाही. पण गप्प बसलो. तेवढ्यात ती ओट्याला वळसा घालून बोळात गेली.

दार सोफ्यावर आदळल्याचा आवाज मला ओळखीचा होता. मग इराचा आवाज आला, शाळेत बाईंशी बोलतात तसा नीट. "काका? डिनर इज रेडी." मग कुणीतरी हलकेच काहीतरी म्हणालं. मग पावलं. इराची, पळती, पोकळ जमिनीवरची. चार, पाच, सहा. ती खोली सहा फुटांची आहे. सात, आठ. नऊ.

मी धावलो. दार चार बोटं उघडलं होतं. बाहेरच्या उजेडात सोफ्याची कड दिसत होती, पलीकडे गाद्या, आणि गाद्या आणि भिंत यांच्यातली ती फट. त्या फटीत इराचा लाल स्वेटर होता. ती अंग आडवं करून, खिदळत, आत आत चालली होती. तिचा हात कुणीतरी धरला होता. शर्टाची बाही मनगटापर्यंत होती, बटण लावलेलं. त्या हाताच्या पलीकडचा माणूस मला दिसला म्हणता येणार नाही. तो कडेनं उभा होता, आणि कडेनं त्याला काही रुंदीच नव्हती. तो भिंतीकडे सरकून इराला वाट करून देत होता. मग ते दोघं वळले. तिथं वळायला जागा नाही.

"देअर्स लोड्स ऑफ रूम, बाबा!" इरा म्हणाली. तो आवाज फार लांबून आला, डोनलच्या शेताच्याही पलीकडून यावा इतका.

मी खांद्यापर्यंत हात आत घातला. बोटांना प्लायवूड लागलं. गार, सरळ, गादीपासून सत्तर मिलिमीटरवर, मी बघितलं होतं तिथंच. धूळ माझ्या बाहीवर आली. धुळीवर दुसरं काही उमटलेलं नव्हतं.

"अहो, गार होतंय सगळं," कौमुदीनं ओट्याकडून हाक मारली. बाहेरच्या माणसासमोर ती मला अहो म्हणते. "इरा कुठंय?"

मी ओरडणारच होतो. दार फोडणार होतो, पहार गाडीतच होती. आणि मग मला जे सुचलं ते इतकं साधं होतं, की मी हात फटीतून बाहेर काढला. तो इथं आला तो मी त्याला आपला म्हटलं म्हणून. त्यानं इराला नेलं ते काका म्हणून. आता मी तोंडानं म्हटलं, की हा आमचा कुणी नव्हे, तर परक्या माणसानं माझी मुलगी परत का आणून द्यावी? त्याच्यावर माझा एवढाच एक हक्क उरला होता आणि तो मीच खोटं बोलून मिळवला होता.

"काकांपाशी आहे," मी म्हणालो. माझा आवाज अगदी नेहमीसारखा निघाला. "येतील दोघं."

"बरं," कौमुदी म्हणाली.

मी बाहीवरची धूळ झटकली, हात धुतले आणि पानावर जाऊन बसलो. तिनं चारही ताटांत भात वाढला.